दृष्टिपटलाचे विकार : उपेक्षा कोणाची, अधिकार कोणाचा?

आपल्या व्यवसायबंधूंचा बहुतेक दिवस प्रमेह, संधिवात, अम्लपित्त आणि त्वग्विकार यांच्या रुग्णांत जातो. यांपैकी प्रमेहाचा रुग्ण आपल्याकडे एकदा येऊन थांबत नाही. तो वर्षानुवर्षे येत राहतो. त्याच्या तळपायांची जळजळ आपण विचारतो, रात्री किती वेळा उठावे लागते हे विचारतो, मुलीच्या लग्नाचीही चौकशी करतो. परंतु ‘तुमच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची केव्हा झाली?’ हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात? बिद्री परिसरात गेली वीस वर्षे चिकित्साव्यवसाय करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, ग्रामीण भागातील टाळता येण्याजोग्या अंधत्वाची किल्ली मोठ्या रुग्णालयांइतकीच आपल्या चिकित्सालयांत आणि औषधांच्या दुकानांत आहे. ती आपण वापरत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

‘पटल’ शब्दाचा घोटाळा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधुनिक नेत्रशास्त्रातील ‘रेटिना’ला मराठीत ‘दृष्टिपटल’ हा शब्द रूढ झाला आणि त्यामुळे सुश्रुतोक्त चार पटलांपैकी एखादे पटल म्हणजेच रेटिना, अशी समजूत अनेकांच्या मनात घर करून बसली. वस्तुतः ही पारिभाषिक शब्दाची निवड आहे, शारीराचा पुरावा नव्हे. तिमिर, काच आणि लिंगनाश या एकाच क्रमात भिंगाचे, काचरसाचे, दृष्टिपटलाचे आणि दृष्टिनाडीचे विकार एकत्र आलेले दिसतात. प्राचीनांजवळ जिवंत डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन नव्हते. ते हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रदर्शकाने १८५१ मध्ये जगाला मिळाले. म्हणून ‘तिमिर’ हे निदान लिहून थांबणे आज पुरेसे नाही. एकाच तिमिराखाली चष्म्याने बरा होणारा रुग्णही असतो आणि चोवीस तासांत शस्त्रक्रिया लागणारा रुग्णही असतो.

असे असले तरी सुश्रुताचार्यांच्या निरीक्षणाला तोड नाही. उत्तरतंत्राच्या सातव्या अध्यायात माश्या, डास, केस, जाळी दिसणे असे वर्णन आले आहे. काचरसातील तरंगत्या ठिपक्यांची तक्रार आजचा रुग्णही याच शब्दांत सांगतो. दोष वर, खाली किंवा बाजूला असता दृष्टिक्षेत्राचा ठरावीक भाग नाहीसा होतो, हेही तेथेच नोंदविले आहे. आणि सतराव्या अध्यायातील साध्यासाध्यविचार तर आपण चौकटीत लावून ठेवावा असा आहे: पहिल्या पटलातील तिमिर साध्य, दुसऱ्यातील कृच्छ्रसाध्य, तिसऱ्यातील याप्य. वाग्भटांनीही उपेक्षेने तिमिराचे काचात आणि काचाचे आंध्यात रूपांतर होते, असे बजावले आहे. दृष्टीच्या रोगात काळ हाच साध्यासाध्यतेचा निकष आहे, ही आपल्या ग्रंथांची शिकवण आहे. आधुनिक दृष्टिपटलशास्त्राचा सारांशही याहून वेगळा नाही.

पांढरा, न दुखणारा डोळा

दृष्टिपटलाला वेदना जाणविणारे तंतू नाहीत. त्यामुळे या विकारांत डोळा लाल होत नाही, दुखत नाही, त्यातून पाणी किंवा चिपड येत नाही. डोळा लाल झाला की आपल्याकडील शेतकरी त्याच दिवशी धावत येतो. परंतु एका डोळ्याने दिसेनासे झाले तर ‘नंबर वाढला असेल’, ‘वयामुळे असेल’, ‘मोतीबिंदू पिकू दे’ असे म्हणत सुगी उलटून जाते. त्यातच ग्रामीण बोलीत ‘डोळ्यावर पडदा आला’ हा शब्दप्रयोग मोतीबिंदू, वडस आणि दृष्टिपटलाचा विकार या तिन्हींसाठी चालतो. मोतीबिंदूला थांबता येते म्हणून रुग्ण सगळ्याच पडद्यांसाठी थांबतो.

यासाठी मी एक सोपे सूत्र मांडतो. डोळा बाहेरून पांढराशुभ्र आहे, दुखत नाही आणि तरीही दृष्टी कमी झाली आहे, तर विकार डोळ्याच्या आत आहे असे समजावे. अशा रुग्णाला कोणतेही थेंब लिहून देण्यापूर्वी बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी झालीच पाहिजे.

याच्या पूर्वतयारीसाठी आपल्या चिकित्सालयात चार गोष्टी पुरेशा आहेत: भिंतीवर सहा मीटर अंतरावरचा मराठी अक्षरांचा तक्ता, एक चांगली विजेरी, काळ्या पुठ्ठ्याला पाडलेले सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र आणि चौकटी आखलेला कागद. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो. छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे स्पष्ट झाली तर बहुधा चष्म्याचा प्रश्न असतो. झाली नाहीत तर शंका आतल्या विकाराची धरावी. विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली असता बाहुली आकुंचन पावण्याऐवजी पसरू लागली, तर त्या बाजूच्या दृष्टिपटलाला किंवा दृष्टिनाडीला मोठी इजा आहे. केवळ मोतीबिंदूने असे होत नाही. या परीक्षणाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

प्रमेहातील दृष्टिपटल

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासात चाळिशीच्या वरील मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर मधुमेहजन्य बदल आढळले, तर सुमारे ४ टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. आपल्या नोंदवहीत शंभर मधुमेही असतील तर त्यांतील चारजण आजच अंधत्वाच्या उंबरठ्यावर असू शकतात. त्या चौघांना तसे काहीही जाणवत नसेल, हीच यातील भयंकर गोष्ट आहे.

या विकारात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्यांना फुगवटे येतात, रक्त व स्निग्ध द्रव झिरपतो. मध्यबिंदूजवळ सूज आली की वाचणे अवघड होते. पुढे रक्तपुरवठा तुटलेला भाग नव्या वाहिन्यांना आमंत्रण देतो. या वाहिन्या नाजूक असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. काळ्या रेघा, कोळ्याचे जाळे किंवा धूर उतरल्यासारखे दिसू लागते. रुग्ण जागा होतो तो बहुधा या टप्प्यावर. तोपर्यंत दुसरे पटलही मागे पडलेले असते.

म्हणून नियम असा: प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच पहिली तपासणी आणि त्यानंतर दरवर्षी एकदा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. मधुमेही स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करावी, कारण गर्भावस्थेत विकार वेगाने वाढू शकतो. साखरेइतकाच रक्तदाब महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील मोठ्या मधुमेह अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवून दिले की रक्तदाब काटेकोर ठेवल्याने दृष्टिपटलाचा विकार वाढण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते. आपल्यापैकी जे मधुमेहींचा रक्तदाब दर भेटीत मोजत नाहीत, त्यांनी तो उद्यापासून मोजावा.

उपचारांविषयीही रुग्णांत मोठा गैरसमज आहे. लेझर करून आलेला रुग्ण आपल्याला सांगतो, ‘पैसे गेले, पण दिसायला काही वाढलं नाही.’ अशा वेळी ‘लेझरने डोळा जाळला’ असा शेरा काही ठिकाणी मारला जातो, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. लेझरचा मुख्य हेतू आहे ती दृष्टी राखणे हा असतो. अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये सिद्ध केले की वाढलेल्या विकारात विस्तृत लेझरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. मध्यबिंदूच्या सुजेसाठी डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने आज प्रमुख उपचार ठरली आहेत. मात्र ती ठरावीक अंतराने अनेकदा घ्यावी लागतात. दुसऱ्या इंजेक्शननंतर रुग्ण थांबला तर पहिल्या दोनांचाही खर्च वाया जातो. हे त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस शहरात त्याला भेटत नाही; तो गावात, आपल्या रूपाने, भेटतो.

घटका मोजणारे विकार

काही विकारांत आठवडे नव्हे, तर तास मोजावे लागतात. त्यांची लक्षणे प्रत्येक वैद्याला आणि औषधविक्रेत्याला तोंडपाठ असावीत.

पहिला, दृष्टिपटल सुटणे. डोळ्यांसमोर विजा चमकणे, अचानक काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे आणि मग एका बाजूने काळा पडदा सरकत येणे, हा याचा क्रम. मोठा उणे क्रमांकाचा चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, उसाचे कांडे, चेंडू किंवा बैलाचे शिंग डोळ्यावर बसलेले, अशांना धोका अधिक. शतकापूर्वी हा विकार असाध्यच मानला जाई. स्वित्झर्लंडमधील झ्यूल गोनँ यांनी दृष्टिपटलाला पडलेले छिद्र हे त्याचे मूळ असल्याचे ओळखून ते बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. छिद्र पडले आहे पण पटल सुटलेले नाही, अशा अवस्थेत बाह्यरुग्ण विभागातच लेझर करून प्रश्न मिटतो. पटल सुटत चालले असले तरी मध्यबिंदू शाबूत असेपर्यंत, म्हणजे शक्यतो दिवसभरातच, शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची दृष्टी टिकते. ‘चार दिवस थेंब घालून बघू’ हे वाक्य येथे उच्चारूच नये.

दुसरा, दृष्टिपटलाची धमनी बंद होणे. क्षणार्धात, वेदनेशिवाय, एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण जाते. हा डोळ्याचा पक्षाघात होय. अमेरिकेतील आयोवा येथे कार्यरत राहिलेले भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत सुमारे चार तासांच्या अडथळ्यानंतर दृष्टिपटलाची हानी व्यापक व कायमची होत असल्याचे दिसले. असा रुग्ण चष्म्याच्या दुकानात नव्हे, तर पक्षाघाताचे उपचार होणाऱ्या रुग्णालयात तत्काळ पोहोचला पाहिजे. दृष्टी काही मिनिटे जाऊन परत आली तरी ‘चक्कर होती’ म्हणून सोडू नये. तो येऊ घातलेल्या पक्षाघाताचा इशारा असतो.

तिसरा, दृष्टिपटलाची शीर बंद होणे. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धुरकट दिसते. मुळाशी बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा काचबिंदू असतो. येथे काही दिवसांची सवलत आहे, महिन्यांची नाही.

कामात येणारे आणखी काही विकार

वृद्धांतील मध्यबिंदूच्या ऱ्हासात सरळ रेषा वाकड्या दिसतात. दाराची चौकट, फरशीची रेघ, पत्र्याची पन्हळ वाकडी दिसते का, हे एकेक डोळा झाकून विचारावे. चौकटीच्या कागदाचा उपयोग येथेच होतो. वाकडेपणा नव्याने आला असेल तर आठवड्याच्या आत तज्ज्ञाकडे पाठवावे. धूम्रपान हे याचे टाळता येण्याजोगे मोठे कारण आहे. या विकाराच्या मध्यम अवस्थेत विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मिश्रणाचा लाभ २००१ च्या अमेरिकन अभ्यासात दिसला. पुढे २०१३ च्या अभ्यासानंतर त्यातील बीटा-कॅरोटिनऐवजी ल्यूटिन व झियाझँथिन घेतले जाऊ लागले, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटिनचा संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी आढळतो. औषधविक्रेत्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘डोळ्याच्या गोळ्या’ म्हणून हे मिश्रण सरसकट प्रत्येक मधुमेहीला देण्याला कोणताही आधार नाही.

तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत मध्यबिंदूखाली पाणी साठण्याचा एक विकार दिसतो. मध्यभागी करडा डाग, वस्तू लहान दिसणे ही त्याची लक्षणे. ताणतणाव हे एक कारण. परंतु स्टेरॉइड हे त्याहून ठळक कारण. गोळी, श्वासातील औषध, सांध्यातील इंजेक्शन अशा कोणत्याही मार्गाने घेतलेले स्टेरॉइड तो उत्पन्न करू शकते. आणि येथे आपल्याला आपल्याच अंगणात पाहावे लागते. सांधेदुखीवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, ही आपल्या शास्त्राची बदनामी आहे. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीविषयी रुग्णाला खोदून विचारावे. मात्र दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड एकदम तोडू नये. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावे.

आमवाताच्या रुग्णांना आधुनिक वैद्यकात दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचाही उल्लेख आवश्यक आहे. मात्रा शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ५ मिलिग्रॅमच्या आत हवी आणि पाच वर्षांच्या सेवनानंतर दरवर्षी दृष्टिपटल तपासले पाहिजे. हे रुग्ण पंचकर्मासाठी आपल्याकडे येतात, तेव्हा तेवढे विचारणे अवघड नाही.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाहाची चाल जुनी आहे. अशा कुटुंबांत रातांधळेपणा आणि हळूहळू आकसत जाणारे दृष्टिक्षेत्र दिसले तर केवळ ‘अ’ जीवनसत्त्व देऊन थांबू नये. दृष्टिपटलाचा आनुवंशिक ऱ्हास असण्याची शक्यता असते. त्यावर सर्वसाधारण उपाय आज नाही, हे रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावे. पण भावंडांची तपासणी, विवाहापूर्वीचा सल्ला आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांचा मार्ग दाखविणे आपल्या हाती आहे.

अर्भकाचे तीस दिवस

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातील वाहिन्यांची वाढ जन्मानंतर पूर्ण होते; ती विकृत झाली तर बाळ कायमचे अंध होते. आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे; अतिशय लहान बाळांची त्याहूनही आधी. उपचार लागलेच तर दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात.

बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येथे येतात. गरोदर स्त्री फडावर काम करते, अपुऱ्या दिवसांत बाळंत होते, बाळ पेटीत राहून घरी, म्हणजे कोपीवर येते आणि पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या गावच्या फडावर जाते. तीस दिवसांची ती मुदत अशा स्थलांतरात कोठे हरवते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. कोपीवरची बाई सर्दी-तापाच्या औषधासाठी आपल्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येते. कडेवरचे तान्हे मूल पाहून ‘किती दिवसांचं? वजन किती भरलं होतं? डोळे दाखवले का?’ असे तीन प्रश्न आपण विचारले, तर एका माणसाचे सबंध आयुष्य उजेडात जाईल.

याच ओघात एक सूचना. लहान मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली किंवा नव्याने तिरळेपणा आला, तर ती दृष्टिपटलाच्या कर्करोगाची खूण असू शकते. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक मुले वाचतात. येथे प्रतीक्षेला जागा नाही.

मग आयुर्वेदाचे स्थान कोणते?

आपले ग्रंथ तिमिरचिकित्सेने समृद्ध आहेत: त्रिफळाघृत, सप्तामृत लोह, तर्पण, पुटपाक, नस्य, अंजन. यांचा त्याग करा असे मी म्हणत नाही. परंतु क्रम बदलू नका. आधी दृष्टिपटलाची तपासणी, मग अवस्थेचे निदान, मग सहायक चिकित्सा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तपासणीची नोंद नसताना ‘तर्पणाने रेटिना सुधारली’ असे सांगणे शास्त्रीय नव्हे. ताजा रक्तस्राव किंवा सुटलेले पटल असताना तर्पणाचे सात दिवस बसविणे तर रुग्णाचा घात करणे होय. डोळ्यात घातलेल्या थेंबाचा फारच अल्प अंश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो, हेही ध्यानात असावे.

आहाराच्या बाबतीत मात्र आपली बाजू भक्कम आहे. तिमिरात पथ्य म्हणून सुश्रुतांनी सांगितलेले यव, मूग, पडवळ, आवळा हे प्रमेहातही हितकर आहेत. भात-भाकरीच्या ताटात जव आणि मूग कसे आणावेत, हे आपल्याइतके चांगले कोणी सांगू शकत नाही.

पंचकर्माविषयी एक इशारा ग्रंथांतूनच मिळतो. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही तिमिराच्या रुग्णास वमन निषिद्ध मानले आहे. उलटीच्या जोराने शिरांतील दाब एकाएकी वाढतो आणि नाजूक वाहिन्या फुटू शकतात, हे आज कळते. मधुमेहीला वमन देण्यापूर्वी दृष्टिपटल पाहिले का, हा प्रश्न म्हणूनच शास्त्रोक्त आहे. शीर्षासनासारखी आसने सांगतानाही हाच विवेक हवा. तसेच वाढलेला विकार असता खूप दिवस चढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर तो काही काळ अधिक बिघडू शकतो; म्हणून तीव्र लंघन आरंभण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

दोन आक्षेप

‘आपणच रुग्ण दुसरीकडे पाठवू लागलो, तर तो परत येईल का?’ हा पहिला आक्षेप. माझा अनुभव असा की, चिठ्ठी घेऊन गेलेला रुग्ण परत येतो आणि सोबत शेजाऱ्यालाही आणतो. कारण आपण त्याचा डोळा वाचविला हे तो विसरत नाही. जो दवाखाना चार महिने थेंब देत राहिला आणि शेवटी रुग्णाने स्वतःच शहर गाठले, त्या दवाखान्याची पायरी तो पुन्हा चढत नाही.

‘पाठविणे म्हणजे आपल्या शास्त्राचा कमीपणा’ हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसाव्या अध्यायात आहे. नेत्ररोगांचा उल्लेख करून आचार्य म्हणतात की त्यांचा विस्तार शालाक्यतंत्रात आहे आणि पराधिकारात विस्ताराने बोलणे प्रशस्त नव्हे. ज्यांच्या नावाने आपण कायचिकित्सक म्हणून मिरवतो, त्यांनीच ही मर्यादा आखून दिली. २०२० च्या नोव्हेंबरात शल्य आणि शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रकर्मांचा समावेश करणारी अधिसूचना निघाली, तेव्हा देशभर वाद झाला. शस्त्र कोणी धरावे यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. पण रोग ओळखून रुग्णाला वेळेत पोहोचविण्यास कोणत्याही अधिसूचनेची गरज नव्हती, आजही नाही. चिकित्सा पराधिकार असेल. ओळखणे हा आपला अधिकार आहे आणि पाठविणे हे आपले कर्तव्य आहे.

काही प्रस्ताव

केवळ उपदेश करून भागणार नाही, म्हणून संघटनेपुढे काही गोष्टी ठेवतो.

१) प्रत्येक सदस्याने मधुमेहीच्या केसपेपरवर ‘दृष्टिपटल तपासणीची तारीख’ असा रकाना छापून घ्यावा. रकाना रिकामा दिसला की प्रश्न आपोआप विचारला जातो.

२) पाठविण्याच्या चिठ्ठीचा एक नमुना संघटनेने तयार करावा: कोणत्या डोळ्याला, केव्हापासून, दृष्टी किती, साखर व रक्तदाब किती, चालू औषधे कोणती. चिठ्ठीवर ‘तातडीचे’ की ‘नियमित’ हे स्पष्ट असावे.

३) कोल्हापूर, मिरज, सांगली येथील दृष्टिपटलतज्ज्ञांची यादी तालुकावार पोहोचवावी. बाहुली विस्फारल्यावर काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत माणूस न्यावा, मोटारसायकल चालवू नये, हेही रुग्णाला सांगावे. गावाकडून कोल्हापूरला जाऊन येण्यात रोजगाराचा दिवस मोडतो. अपुऱ्या तयारीने हेलपाटा झाला तर रुग्ण पुन्हा जात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेत्रशस्त्रक्रियांचाही विभाग आहे; रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यास सांगावे.

४) औषधविक्रेत्या सदस्यांनी ‘डोळा लाल नाही, पण दिसत नाही’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला थेंब न देण्याचा नियम करावा. चिठ्ठीवाचून स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच देऊ नयेत. एक बाटली कमी खपेल, इतकेच.

५) कारखान्याच्या हंगामात मधुमेहींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी वर्षातून एक शिबिर नेत्रतज्ज्ञांच्या सहकार्याने घ्यावे. त्यात आपण आरोग्यसेवकांच्या बरोबरीने कोप्यांवर जाऊन नावे नोंदवावीत.

यांतील कोणत्याही प्रस्तावाला मोठा निधी लागत नाही. पुढील बैठकीत निदान पहिल्या दोन प्रस्तावांवर निर्णय व्हावा, अशी सर्व सदस्यांना नम्र विनंती आहे. केसपेपरची छपाई दिवाळीपूर्वी झाली, तर येत्या गळीत हंगामापासूनच काम सुरू करता येईल.